भरतीच्या खिडक्यांची बाजू

काल संध्याकाळी नऊ नंबरची खिडकी उघडली आणि आतून दिव्याचा खांब निघाला. माणूस नाही, प्राणी नाही, गाडी नाही. चार काळे तुकडे एकावर एक आणि टोकाला एक पिवळा पारदर्शक मणी. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने तो अर्ध्या मिनिटात जोडला आणि हातात धरून बराच वेळ नुसती बघत बसली. मग म्हणाली, "आई, आता त्यांना रात्रीसुद्धा बाहेर बसता येईल."

त्यांना म्हणजे बाकावरच्या दोघांना. ते दोघे कोण, हे पुढे सांगते. आधी ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ॲडव्हेंट कॅलेंडर म्हणजे नाताळपर्यंतचे दिवस मोजायचं खोकं. त्यावर १ ते २४ आकड्यांच्या खिडक्या असतात आणि आकडे मुद्दाम विस्कटून छापलेले असतात, म्हणजे रोज आधी खिडकी शोधायची आणि मग उघडायची. खेळण्यांच्या कॅलेंडरात प्रत्येक खिडकीमागे काहीतरी छोटं निघतं. काही कॅलेंडरांत २४ च्या २४ दिवस पात्रंच असतात. काहींत पात्रं पाच-सात, आणि बाकीच्या दिवशी घसरगाडी, शेकोटी, बाक, फावडं, खांब असलं काहीबाही.

या काहीबाहीला संग्राहक मंडळी भरती म्हणतात, म्हणजे नुसती जागा भरायला टाकलेलं सामान, आणि दर डिसेंबरला त्यावर नाराज असतात. "आज पुन्हा भरती." "आजचा दिवस वाया." "पैसे पात्रांचे घेतात आणि देतात काठ्या." मी हे वर्षानुवर्षं वाचते आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की या भरतीच्या खिडक्याच कॅलेंडरला उभं करतात. त्या काढल्या तर उरतो तो फक्त चोवीस हप्त्यांत मिळालेला बाहुल्यांचा संच.

आमच्या टेबलावर यंदा काय झालं ते सांगते. १ तारखेला लाल स्वेटर घातलेली एक मुलगी निघाली. २ तारखेला बाक. लेकीने मुलीला बाकाच्या एका टोकाला बसवलं. मी म्हटलं, मधे बसव ना. तर म्हणाली, "कोणी आलं तर?" ३ तारखेला बर्फ उपसायचं फावडं निघालं. नुसतं फावडं आणि दोन पांढरे तुकडे. हीच ती बदनाम खिडकी. पण फावडं म्हटलं की ते कोणाचं तरी असणार. त्या दिवशी रात्री झोपेपर्यंत घरात एकच प्रश्न होता की ते कोणाचं असेल. स्वेटरवाल्या मुलीचं नाही, कारण तिच्या हातात फावडं तिरकं उभं राहतं, हे लेकीने तीनदा करून बघितलं होतं. ४ तारखेला पांढऱ्या मिशांचा, टोपीवाला म्हातारा निघाला. "आला!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मी स्वयंपाकघरातून धावत आले. तो म्हातारा पहिल्याच दिवशी निघाला असता तर टोपीवाला एक म्हातारा, एवढंच त्याचं महत्त्व राहिलं असतं. फावडं त्याच्या आधी एक दिवस आलं होतं, म्हणून तो आला तेव्हा तो ओळखीचा होता.

मागच्या वर्षी आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचं, रोज एक पात्र देणारं कॅलेंडर होतं. पात्रं सुरेख होती, रंगकाम नेटकं होतं, चेहरे बोलके होते. पहिला आठवडा आनंदात गेला. बाराव्या-तेराव्या दिवसापासून मात्र लेक खिडकी उघडायची, पात्र बघायची आणि फळीवर रांगेत ठेवून निघून जायची. आज ते चोवीसही जण फळीवर आहेत, पुढे तोंड करून, एकमेकांकडे न बघता. त्यांना बसायला काही नाही, हातात धरायला काही नाही, जायला कुठे नाही. ती पात्रं ज्या मालिकेतली आहेत तिच्यावर ज्यांचं मनापासून प्रेम आहे त्यांना तेवढी रांगही पुरते, कारण त्या पात्रांची गोष्ट त्यांना आधीच पाठ असते. आम्हाला ती घडवायची होती, आणि सामान नव्हतं.

हे प्रमाण, थोडे मोठे दिवस आणि पुष्कळ साधे दिवस, खेळण्यांच्या कंपन्यांनी काढलेलं नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विचर्न नावाचे एक धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी एक संस्था चालवत. नाताळ कधी येणार, असं मुलं सतत विचारायची. म्हणून त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर २० छोट्या लाल मेणबत्त्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. आठवड्याच्या साध्या दिवशी छोटी, रविवारी मोठी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचंच खोकं डोळ्यांसमोर आलं. चोवीसही मेणबत्त्या मोठ्या लावल्या असत्या तर त्या मुलांना रविवार आलेला कळला कसा असता? आणि छोट्या मेणबत्तीला तिथे कोणी भरतीची म्हटलं असेल असं मला वाटत नाही. तीही पेटायची, तिच्यानेही चाक एका घराने पुढे उजळायचं.

त्याच काळात जर्मन घरांत याहून साधी पद्धत होती. दारावर खडूने २४ रेघा ओढायच्या आणि रोज एक पुसायची. मिळायचं काहीच नाही, उलट असलेली रेघ जायची. तरी मुलं ती पुसायला धावत असणार. छापील कॅलेंडर आलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्युनिकमधल्या गेरहार्ड लांग यांच्याकडून. लहानपणी त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर २४ छोटी बिस्किटं लावून दिली होती, रोज एक खायला, आणि ती आठवण त्यामागे होती असं सांगतात. त्यांच्या पहिल्या कॅलेंडरला खिडक्या नव्हत्याच. एका कागदावर चित्रं, दुसऱ्या कागदावर कविता. रोज एक चित्र कापायचं आणि कवितेच्या जागी चिकटवायचं. म्हणजे मुलाच्या हाताला रोज काम होतं. उघडणाऱ्या खिडक्या नंतर, १९२० च्या दशकात आल्या. पुढे युद्ध आलं, कागद मिळेनासा झाला, छपाई थांबली. १९४६ मध्ये श्टुटगार्टला रिचर्ड झेलमर यांनी पुन्हा कॅलेंडर छापलं, त्यावर चित्र होतं एका छोट्या शहराचं. आजूबाजूला खरी शहरं ढिगाऱ्यात पडलेली असताना कोणीतरी बसून एक अख्खं छोटं शहर काढलं, हे मला फार मोठं वाटतं.

लेगोचं, म्हणजे तुकडे जोडायची खेळणी बनवणाऱ्या कंपनीचं, पहिलं ॲडव्हेंट कॅलेंडर १९९८ चं. स्टार वॉर्स या अंतराळातल्या चित्रपटांवरचं २०११ मध्ये आलं आणि त्याच्या शेवटच्या खिडकीत सांताच्या लाल कपड्यांतला योडा, म्हणजे त्या चित्रपटांतला बुटका हिरवा गुरू, होता. आजही लोक त्याची आठवण काढतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या आधीच्या खिडक्यांतून अंगठ्याएवढी अंतराळयानंही निघाली होती, मोजक्या तुकड्यांची. एवढ्याशा तुकड्यांत यान ओळखू येईल असं बसवणं ही केवढी कारागिरी आहे! तिला भरती म्हणताना थोडं थांबावं.

आणखी एक गोष्ट मला या कॅलेंडरांत मनापासून आवडते. हल्ली बंद डब्यांतून निघणाऱ्या बाहुल्यांचं वेड आहे. आत कोणती निघेल ते नशिबावर, दुर्मीळ हवी तर पुन्हा घ्या, पुन्हा घ्या. मुलांना मी त्यापासून लांब ठेवते. कॅलेंडरात आश्चर्य आहे पण जुगार नाही. एकाच कॅलेंडराचं कोणतंही खोकं उचला, चौदा नंबरच्या खिडकीत सगळ्यांना तेच मिळणार. कुठल्याही मुलाचा योडा दुसऱ्याच्या योड्यापेक्षा दुर्मीळ नाही.

बऱ्याच खोक्यांवर आतल्या वस्तूंची चित्रं छापलेली असतात. आम्ही ३० नोव्हेंबरलाच त्यावर कागद चिकटवतो. सगळ्या खिडक्या एका बैठकीत उघडून दाखवणारे व्हिडिओ बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. विकत घ्यावं की नाही हे ठरवायला त्यांचा उपयोग होतो. पण घरात मूल असेल तर ते मुलासमोर लावू नका, कळकळीने सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमची सतरा नंबरची खिडकी रिकामी निघाली. पिशवीच नव्हती. मी चिडले, कंपनीला लिहिलं. त्यांनी हरवलेलं पात्र पाठवलंही, पण जानेवारी उजाडला. मधल्या काळात लेकीने ठरवून टाकलं होतं की सतरावा माणूस बाहेरगावी गेला आहे. त्याच्यासाठी शेकोटीजवळ जागा सोडलेली होती, कोणालाही तिथे उभं करायची परवानगी नव्हती. पाकीट आलं तेव्हा नाताळ होऊन गेला होता, बाकी सगळं डब्यात भरून ठेवलेलं होतं. तिने डबा उघडला, शेकोटी बाहेर काढली, त्याला तिच्याजवळ उभं केलं आणि त्याला उशीर का झाला ते बाकीच्यांना सांगितलं. शेकोटी त्या वर्षीची भरतीचीच खिडकी होती, सहा नंबरची.

म्हणून कॅलेंडर बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बाक काढू नका, फावडं काढू नका. पात्रं वाढवायच्या मागणीला बळी पडू नका. आणि आपण मोठ्यांनी खिडकी उघडल्यावर मुलाच्या आधी तोंड वाकडं करू नये. मुलांना भरती हा शब्द आपणच शिकवतो.

बाकावर आता लाल स्वेटरवाली आणि टोपीवाला म्हातारा शेजारी शेजारी बसतात, फावडं मागे टेकवलेलं. खांब कुठे रोवायचा यावर काल झोपायच्या वेळेपर्यंत चर्चा चालली. शेवटी तो बाकापासून जरा लांब उभा राहिला, कारण तिच्या मते तिथून अजून कोणीतरी चालत येणार आहे आणि त्याला रस्ता दिसायला हवा.