पत्ता बदलला म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही

परराज्यात किंवा परदेशात स्थायिक झाल्यावर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, हे मृत्युपत्रांविषयी वाचलेल्या एका लेखातील विधान चुकीचे आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी केलेले मृत्युपत्र केवळ मुक्काम हलल्याने बाद होत नाही. माझे वडील भावाकडे मस्कतला राहायला गेले, तरी वेंगुर्ल्याचे घर आणि आंब्याची कलमे यांविषयीचे त्यांचे मृत्युपत्र कायम राहिले. अडचण आली ती साक्षीदारांची, कारण चुलतभावाने हरकत घेतली तेव्हा एक साक्षीदार वारले होते आणि दुसऱ्या, ऐंशी उलटलेल्या गुरुजींना काठी टेकत कोर्टात येऊन सही ओळखावी लागली.

गोव्याचा उल्लेख मात्र लेखात हवाच होता. तिथल्या वारसा कायद्यात मालमत्तेतील मुलांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्रानेही सहसा डावलता येत नाही, त्यामुळे सीमेवरचे बांदा गाव ओलांडून तिकडे कायमचे राहायला जाणाऱ्यांनी आपला कागद तिथल्या वकिलाकडून तपासून घ्यावा.