मतपत्रिका फाडण्याआधी: 'डाउनटाउन अलायन्स म्हणजे लूट' या फॉरवर्डला उत्तर

कॅलिफोर्नियातल्या आपल्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डाउनटाउन अलायन्स, म्हणजे शहराच्या मधल्या बाजाराची देखभाल करणाऱ्या आणि त्यासाठी तिथल्या मालकांवर आकारणी (पट्टी) बसवून घेणाऱ्या ना-नफा संस्था, ही बड्या मालकांची हप्तावसुली. आकारणी हवी की नको हे विचारणारी मतपत्रिका आली तर फाडून टाका, न आलेलं मत विरोधातच धरतात. त्यापेक्षा पार्किंग फुकट करा, बाजार आपोआप उठेल. या संस्था फुलांच्या कुंड्या टांगण्यापलीकडे काही करत नाहीत, ना-नफा असून पगार घेतात, गुंड ठेवून बेघरांना हुसकावतात आणि शेवटी भाडी वाढवून तुम्हालाही.

माझ्या मावशीच्या नावावर डाउनटाउनमध्ये एक गाळा आहे. तिने हा संदेश मला पाठवून खाली एवढंच लिहिलं, "फाडू ना?" म्हणून हा खटाटोप. संदेशातला क्रम मी पाळत नाही. ज्या गोष्टीला मुदत आहे ती आधी.

"फाडलेलं मत विरोधात जातं"

धादांत खोटं, आणि या संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य. कॅलिफोर्नियात मालमत्तेवर अशी आकारणी बसवायची तर १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २१८ चा नियम लागतो, आणि तो राज्याच्या घटनेत आहे. सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी प्रत्येक मालकाला टपालाने मतपत्रिका जाते. मोजणी होते ती फक्त परत आलेल्या मतपत्रिकांची. डोकी मोजत नाहीत. ज्याच्यावर जितक्या डॉलरची आकारणी, तितकं त्याच्या मताचं वजन. 'नको'चं वजन 'हवं'पेक्षा जास्त भरलं तरच आकारणी रद्द.

समजा, एका जिल्ह्याची (म्हणजे ज्या बाजारभागावर ही आकारणी बसते त्याची) एकूण आकारणी १ लाख डॉलर आहे. त्यातल्या २० हजारांच्या वजनाच्याच मतपत्रिका परत आल्या: १२ हजार 'हवं', ८ हजार 'नको'. आकारणी लागू होते. उरलेल्या ८० हजारांनी फाडल्या काय नि रद्दीत घातल्या काय, त्यांचा विरोध कुठेही नोंदला जात नाही. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याला विरोध करायचा असेल, तर तो स्वतःच्याच बाजूची मतं फाडायला सांगतोय.

नको असेल तर 'नको' लिहा, सही करा (सही नसलेली मतपत्रिका बाद होते) आणि सुनावणीतलं लोकांचं बोलणं संपेपर्यंत पोचवा. तोवर मत बदलताही येतं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. अशा जिल्ह्यांसाठी १९८९ चा एक वेगळा कायदाही आहे, त्याखाली आकारणी मालमत्तेवर नाही, धंद्यावर बसते. तिथे मतपत्रिकाच नसते, लेखी हरकत द्यावी लागते, आणि निम्म्या आकारणीच्या हरकती आल्या तरच प्रस्ताव पडतो. तिथे गप्प बसणं म्हणजे संमतीच. पाकीट आलं की आधी पाहा, कुठल्या कायद्याचं आहे.

'हप्ता' हा शब्दही इथेच निकालात निघतो. अलायन्सला स्वतःहून एक डॉलर लावता येत नाही. मालमत्तेवरच्या आकारणीचे जिल्हे सहसा ज्या १९९४ च्या कायद्याखाली बनतात, त्यानुसार आधी निम्म्याहून जास्त आकारणी भरणाऱ्या मालकांच्या सह्यांचा अर्ज लागतो, मग मतदान, मग नगर परिषदेचा ठराव. पहिली मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं, नूतनीकरणानंतर १०. शिवाय पहिलं वर्ष उलटल्यावर दरवर्षी ३० दिवसांची खिडकी उघडते, त्यात निम्म्या आकारणीचे मालक जिल्हा मोडण्याचा अर्ज करू शकतात. हप्ता मागणारा अशी सोय ठेवत नाही.

"पार्किंग फुकट करा, बाजार आपोआप उठेल"

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की चिडायचाही कंटाळा येतो. मॉलमध्ये पार्किंग फुकट असतं, म्हणून आपल्याकडेही हवं, हा त्यामागचा हिशोब. मॉलमधलं पार्किंग फुकट नसतं, ते भाडेकरूच्या भाड्यात असतं. आणि मॉलकडे दुसरी एक गोष्ट असते, जी डाउनटाउनकडे नसते: एकच व्यवस्थापक. दुकानं किती वाजता उघडायची, कचरा कोण उचलणार, कोपऱ्यावरच्या रिकाम्या गाळ्यात कोणाला आणायचं, नोकरांच्या गाड्या कुठे लावायच्या, हे ठरवणारा एक माणूस. डाउनटाउनमध्ये मालक पन्नास आणि हे काम कोणाचंच नाही. अलायन्स असते ती या कामासाठी.

फुकट जागेचं काय होतं ते साध्या हिशोबात बघा. दुकानासमोरची एक जागा, सकाळी १० ते संध्याकाळी ६. फुकट असली तर पावणेदहाला तिथे शेजारच्या दुकानातल्या नोकराची गाडी लागते आणि सहाला निघते. आठ तासांत एक गाडी, तीही काही न घेणारी. तीच जागा तासाभराने रिकामी होत गेली तर आठ गिऱ्हाइकं. दोन तासांची मर्यादा घातली तर नोकर दर दोन तासांनी बाहेर येऊन गाडी पुढच्या जागेवर सरकवतो.

नेमकं हेच ओल्ड पॅसाडिनात, म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिना शहराच्या जुन्या बाजारात, चालू होतं. तिथे १९९३ पर्यंत मीटर नव्हते, दोन तासांची मर्यादा होती, आणि चांगल्या जागा नोकरांनी धरलेल्या. मीटरला दुकानदारांचा कडाडून विरोध होता, गिऱ्हाईक पळेल म्हणून. तो मावळला एका अटीवर: मीटरचा पैसा शहराच्या सामायिक तिजोरीत न जाता ओल्ड पॅसाडिनातच खर्च व्हायचा. सुमारे ६९० मीटर बसले, तासाला १ डॉलर, संध्याकाळी आणि रविवारीसुद्धा. येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर शहराने ५० लाख डॉलरचं कर्ज काढून पदपथ, दिवे, झाडं आणि मागच्या गल्ल्या नीट केल्या. पार्किंगच्या अर्थकारणाचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला त्या डोनाल्ड शूप यांनी याच्याशी तुलना करायला लॉस एंजेलिसमधला वेस्टवुड व्हिलेज हा बाजार ठेवून दाखवला. तिथल्या व्यापाऱ्यांनी उलटा हट्ट धरला आणि १९९४ मध्ये मीटरचा दर १ डॉलरवरून ५० सेंटवर आणवला. वेस्टवुडची उतरण थांबली नाही. ओल्ड पॅसाडिनात मात्र गर्दी वाढली.

आता, मीटर बसवले की झालं असंही नाही. पैसा सामायिक तिजोरीत गेला तर दुकानदाराला फक्त दंडाच्या पावत्या दिसतात, आणि वर्षभरात मीटर काढायची मागणी होते. दर चुकला तर एकतर रस्ता ओस पडतो नाहीतर जागाच मिळत नाही. शूप यांचा अंदाज सोपा होता: रस्त्याच्या प्रत्येक बाजूला एखाद-दुसरी जागा नेहमी मोकळी राहील, म्हणजे साधारण ८५ टक्के भरलेली, इतकाच दर. आणि नोकरांना आधी दुसरी जागा द्यावी लागते. पार्किंग इमारतीचे वरचे मजले स्वस्त मासिक पासवर, किंवा संध्याकाळी पाचनंतर बँकेचं रिकामं आवार. बँकेशी बोलणी अडतात ती भाड्यावर क्वचितच, बहुतेकदा विम्यावर: रात्री कोणी तिथे घसरून पडलं तर जबाबदारी कोणाची? एकटा दुकानदार हा करार करू शकत नाही. अलायन्स करते, कारण ती आवाराचा विमा स्वतःच्या नावावर घेऊ शकते.

"फुलांच्या कुंड्या"

कुंड्या टांगतात, खरंय. आणि वर्षातून चार जत्रा भरवून काम झालं म्हणणाऱ्या अलायन्सही आहेत, तेही नाकारत नाही. जत्रेच्या दिवशी रस्ता बंद, खाण्याच्या गाड्यांची चंगळ, आणि फर्निचरवाल्याचा अख्खा शनिवार बुडाला, हेही घडतं. पण जुने बाजार पुन्हा उभे करायची जी 'मेन स्ट्रीट' पद्धत आहे, तीत कार्यक्रम हा चारांतला एक भाग आहे. बाकीचे तीन म्हणजे संघटन, इमारतींचं रूप आणि धंद्यांची जुळवाजुळव. ही पद्धत कोणाच्या डोक्यातून अचानक निघालेली नाही. अमेरिकेतल्या वारसा-जतनाच्या राष्ट्रीय न्यासाने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत ती आधी करून पाहिली.

खरं काम कंटाळवाणं असतं. प्रत्येक रिकाम्या गाळ्याची नोंद: क्षेत्रफळ, मागितलेलं भाडं, मालक गावात आहे की परराज्यात, वीजजोडणी किती अँपिअरची, उपाहारगृहासाठी लागणारा तेलकट पाण्याचा सापळा आहे का, दारात पायरी आहे का, वरच्या मजल्याला दुसरा जिना आहे का. गाळा वर्षानुवर्षं रिकामा राहतो तो अनेकदा अशाच एखाद्या गोष्टीमुळे. पाव किंवा कॉफीचं दुकान काढायला आलेला माणूस करार करतो, परवान्याच्या खिडकीवर त्याला सापळ्याचा खर्च कळतो आणि तो पळतो. ही यादी आधीच तयार असली तर त्याला पहिल्याच दिवशी योग्य गाळा दाखवता येतो.

सफाईच्या बाबतीत मात्र एक सापळा अलायन्सलाच गिळतो. तिने झाडू हातात घेतला की नगरपालिका आपला झाडू हळूच काढून घेते. मग मालक एकाच कामाचे दोनदा पैसे भरतात. म्हणून नगरपालिका आज काय देते ते (आठवड्यातून किती वेळा झाडलोट, किती कचरापेट्या, दिवा बंद पडला तर किती दिवसांत दुरुस्ती) सुरुवातीलाच करारात लिहून घ्यायचं. तुमच्या अलायन्सच्या आराखड्यात हे पान नसेल, तर 'नको' म्हणायला ते एक चांगलं कारण आहे. कुंड्या नव्हेत.

"ना-नफा, तर पगार कशाचे?"

ना-नफा म्हणजे शिल्लक रक्कम सभासदांत वाटायची नाही. फुकट राबायचं असा त्याचा अर्थ नाही. या संस्था बहुधा करमाफीच्या ५०१(सी)(६) किंवा ५०१(सी)(३) या कलमांखाली नोंदलेल्या असतात. त्यांचा फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक कर-विवरण, कोणालाही मागता येतो, आणि वरच्या अधिकाऱ्यांचे पगार त्यातच असतात. १९९४ च्या कायद्याखालच्या संस्थेला खुल्या सभांचा ब्राउन कायदाही लागू आहे. जा आणि विचारा.

"गुंड ठेवतात"

इथे मला आवाज खाली आणावा लागतो. बहुतेक ठिकाणी रंगीत टीशर्टातले 'ॲम्बॅसडर' रस्ता दाखवतात, भिंतीवरचे रंग पुसतात आणि पोलिसांना फोन करतात. अटक करायचा अधिकार त्यांना नाही. पण न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल पार्टनरशिप या अशाच संस्थेचा इतिहास झाकण्यात अर्थ नाही. बेघरांना 'प्रशिक्षण' म्हणून तासाला दीड डॉलरच्या आत राबवल्याबद्दल १९९८ मध्ये न्यायालयाने त्या संस्थेला किमान वेतनाचा कायदा मोडल्याचं ठरवलं. न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायॉर, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. तेव्हा तुमच्या अलायन्सने सुरक्षेचं कंत्राट कोणाला दिलंय आणि बेघर माणसाला हटकल्याची नोंद कोण ठेवतं, हे विचारणं रास्तच आहे.

"भाडी वाढवून तुम्हालाच हाकलतील"

अर्धं खरं. न्यू यॉर्कमधल्या अशा जिल्ह्यांचा एलेन, श्वार्ट्झ आणि वॉइकू या संशोधकांनी २००७ मध्ये अभ्यास केला. व्यापारी मालमत्तांच्या किमती आसपासच्या तुलनेत सुमारे १५ टक्के अंकांनी जास्त वाढल्या होत्या. ही वाढ मोठ्या, कार्यालयीन जिल्ह्यांत दिसली. छोट्या जिल्ह्यांत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे 'काही उपयोग नाही' आणि 'भाडी गगनाला भिडतील' ही संदेशातली दोन्ही वाक्यं एकदम खरी असू शकत नाहीत. पण जिथे किंमत वाढते तिथे मालक खूश आणि भाडेकरू धास्तावलेला, हे आहेच. त्यात करार 'ट्रिपल नेट' (मालमत्तेचा कर, विमा आणि देखभाल भाडेकरूवर) असेल तर आकारणीचा पैसाही मालक भाडेकरूकडूनच काढतो, आणि मतपत्रिका मात्र सहसा मालकाच्याच पत्त्यावर जाते.

यावरचा उपाय मतपेटीत नाही, भाडेकरारात आहे. जिल्हा मंजूर होण्याआधी करार वाढवून घ्या: मुदत संपल्यावर आणखी पाच-पाच वर्षांचे दोन पर्याय, प्रत्येकाचं भाडं 'बाजारभावाने' असं न लिहिता ठरावीक टक्क्याने वाढणारं, आणि आकारणीतला भाडेकरूचा वाटा वर्षाला अमुक रकमेपुढे जाणार नाही असं कलम. ज्याचा गाळा दोन वर्षं रिकामा होता तो मालक आज या तिन्ही गोष्टींना हो म्हणतो. समोरचा पदपथ नवा झाल्यावर म्हणणार नाही.