२७ पिल्लं मेली, हे तुमचं लिहिणं खरं आहे. कारण मात्र वेगळं आहे

ताई, नमस्कार.

आमच्या हॅचरीला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू घरात सगळ्यांनी वाचला. कोंबडीची १०२ पिल्लं आली (१०० वर दोन आम्ही जास्तीची घालतो), तिसऱ्या दिवसापर्यंत २७ गेली, बहुतेक सकाळी मेलेली सापडली. "माल कमजोर होता" असं तुम्ही लिहिलंत. फोन केला तर "गूळपाणी द्या" एवढंच सांगून ठेवून दिला, आणि त्या गूळपाण्याला मुंग्या लागल्या. राग येणारच.

फोन पुतण्याने घेतला होता. त्याने चुकीचं सांगितलं नाही, अर्धवट सांगितलं. गूळपाणी पिल्लं उतरवल्यावर पहिले चार-पाच तास, प्रवासाचा शीण जावा एवढ्यापुरतं. मग भांडं घासून साधं पाणी. कधी थांबवायचं हे कुणी सांगितलं नाही म्हणून तुम्ही तीन दिवस तेच ठेवलंत. बल्बच्या उबेत ते आंबतं, पिल्लांना हगवण लागते, शेपटीखाली घाण चिकटून बसते. ही चूक आमची. मुंग्या त्यातल्या त्यात बऱ्या.

"कमजोर माल" मात्र मान्य नाही, आणि ते तुमच्याच फोटोवरून सांगतो. अंड्यातूनच संसर्ग घेऊन आलेल्या पिल्लाचं पोट फुगलेलं असतं, बेंबी ओली असते, वास मारते. तुमच्या फोटोतल्या पिल्लांची पोटं सपाट आहेत, बेंबी कोरडी आहे. पण अंगावरची लव छातीला चिकटलेली आहे आणि मागे स्टीलची परात दिसते, पाण्याने काठोकाठ भरलेली. चाळीसेक ग्रॅमचा जीव तो. अशा भांड्यात बुडून मरणारी थोडी, भिजून गारठून मरणारी जास्त. ओलं पिल्लू ३५ अंशांच्या उबेतही लवकर सुकत नाही. मग सगळी एका कोपऱ्यात ढीग करतात, खालची गुदमरतात, आणि सकाळी तुम्हाला मेलेली दिसतात.

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट. तुमचा बॉक्स सकाळच्या गाडीने निघायचा होता. गाडी आमच्याकडून चुकली आणि तो रात्रीच्या गाडीत टाकला. पोटातल्या उरलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तगतं, त्यावरच आमचा हा धंदा चालतो. पण तगणं वेगळं. उशीर होईल तशी ती सुकत जातात, पायांच्या शिरा दिसायला लागतात, आणि पाणी दिसलं की एकमेकांना तुडवत त्यावर तुटून पडतात. तुमच्या परातीत पहिली पडली ती अशीच ढकलली गेलेली असणार. तो बॉक्स त्या रात्री पाठवायलाच नको होता.

म्हणजे परात तुमची, तहान आमची. कुणाच्या खात्यात किती पिल्लं, हा हिशोब मी करत बसत नाही. २७ च्या २७ बदलून देतो, गाडीभाडं आमचं. सोबत दोन छोटे ड्रिंकर, म्हणजे पिल्लांची पाणी प्यायची भांडी, येतील. त्यांची कड अरुंद असते, चोच जाते, पाय जात नाही. कधी परातच वापरायची वेळ आली तर तीत धुतलेले खडे नाहीतर पोरांच्या गोट्या भरा.

पाणी कोमट हवं. थंडीत पहाटे टाकीतलं तसंच ओतू नका. पिल्लं सोडताना आठ-दहा जणांच्या चोची हाताने पाण्यात बुडवा, बाकीची बघून शिकतात. आधी पाणी, मग दोनेक तासांनी कागदावर मक्याचा भरडा. ड्रिंकर बल्बच्या बरोबर खाली नको आणि उबेपासून लांबही नको. रात्री झोपण्याआधी चार-पाच पिल्लांची गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. मऊ लापशीसारखी लागली तर ठीक. खड्यासारखी कडक लागली तर पिल्लाने भरडा खाल्लाय, पाण्यापर्यंत ते पोचलेलं नाही.

आणि नवी २७ जुन्या ७५ मध्ये सोडू नका. त्यांचा बल्ब वेगळा, तूस नवं.

गुरुवारी हॅच आहे, म्हणजे नवी पिल्लं अंड्यातून निघतील. शुक्रवारी सकाळच्या गाडीत बॉक्स मी स्वतः ठेवीन आणि गाडी सुटली की फोन करीन. ती चुकली तर शनिवारी पाठवू, रात्रीच्या गाडीने नाही. बल्ब मात्र पिल्लं यायच्या आधी तीन-चार तास लावून ठेवा.