"त्याच ड्रॉपने बरा झाला" या कमेंटला उत्तर

दादा, चिडून का होईना पण सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं, मी "डोळे आले की अँटिबायोटिक ड्रॉप लागतच नाही" असं लिहून लोकांना उगाच घाबरवतोय, तुमच्या मुलाचे डोळे त्याच ड्रॉपने दोन दिवसांत बरे झाले, आणि मी काही डॉक्टर नाही. नाहीच आहे, फार्मासिस्ट आहे, बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. "लागतच नाही" हे मात्र चुकलं माझं, बदलतो. दिवसभर पिवळा-हिरवा घट्ट पू येत राहतो तेव्हा बॅक्टेरिया असू शकतो, तिथे ड्रॉपचा उपयोग होतो, आणि कॉन्टॅक्ट लेन्समुळे बुबुळाला जखम होऊन इन्फेक्शन झालं तर डॉक्टर तासातासाला घालायला लावतात.

पण तुमच्याच मुलाचं बघा ना. शाळेतून आणलं, आधी एक डोळा मग दुसरा, नुसतं पाणी गळत होतं आणि ड्रॉप सुरू केला पाचव्या दिवशी. अहो पाचव्या दिवशी ते तसंही उतरणीला लागलं असणार! 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत केवढी साथ आली होती आठवतंय? ती व्हायरसची होती, आणि आमच्याकडे लोक रांग लावून हीच बाटली मागत होते. व्हायरसवर अँटिबायोटिक काय करणार? ॲलर्जीची खाज, स्क्रीनने कोरडे पडलेले डोळे, काचबिंदू, यातलं काहीच त्याने जात नाही.

आता खरी भीती. तुम्ही नाव दिलंय त्या ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन आहे, म्हणजे स्टेरॉइड. लाली पटकन उतरते ती त्याने, म्हणून वाटतं औषध लागू पडलं. आमच्या काकांच्या डोळ्याला उसाचं पान लागलं, असलाच ड्रॉप कुठूनतरी आणून घातला, दोन दिवस आराम, मग बुबुळावर पांढरा डाग. बुरशी होती ती, स्टेरॉइडने आणखी फोफावली. डोळा वाचला पण फूल पडलं ते पडलंच.

दुखतंय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, यातलं एक जरी असेल तर आमच्या काउंटरवर येऊच नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि उरलेली बाटली फ्रीजच्या दारात आहे म्हणालात ना, ती आजच टाका, धाकटीच्या डोळ्यात घालू नका.