आधी विचारा, मग खोडा

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही बदल करता येणाऱ्या खुल्या नकाशावर, नागपूरच्या वर्धा रोडचा तोच घोळ पुन्हा! डबलडेकर पुलापाशी खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. उपग्रहचित्रात एकच पट्टा दिसतो, म्हणून कुणीतरी खालचा रस्ता डुप्लिकेट समजून उडवतो. झालं, चौकातली वळणं तुटली, मार्ग भलतीकडूनच निघतो. अरे, ब्रिज (पूल आहे का) आणि लेयर (कोण वर, कोण खाली) हे टॅग तरी बघा! मग दुसरा चिडून सरसकट रिव्हर्ट मारतो, म्हणजे सगळे बदल मागे फिरवतो, त्यात तिसऱ्याची चांगली दुरुस्तीही वाहून जाते. चेंजसेटवर, म्हणजे एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यावर, टिप्पणी टाका, जागेवर काय आहे ते सांगा, उत्तराला चार दिवस द्या. नाहीच ऐकलं तर असे वाद सोडवणारा डेटा वर्किंग ग्रुप आहे. आणि नागपुरातल्या त्या भागाचं नाव बर्डी की सीताबर्डी यावरून कशाला भांडता? एक नेम (मुख्य नाव) या टॅगमध्ये टाका, दुसरं ऑल्ट-नेम (पर्यायी नाव) मध्ये. शोधात दोन्ही सापडतात.