सांगली-मिरज ‘वॉटर मेट्रो’: फिरत असलेल्या दाव्यांचा प्रतिवाद

‘कोचीने करून दाखवले, मग कृष्णाकाठच्या सांगलीला का जमू नये? सांगली ते मिरज वॉटर मेट्रो सुरू करा. रस्ता लागत नाही, खर्च कमी, कोंडीही सुटते’ अशा आशयाचा, म्हणजे नदीतून मेट्रोसारखी नियमित प्रवासी बोटसेवा मागणारा मजकूर सध्या सांगलीत हातोहात फिरतो आहे. त्यामागची तळमळ खरी आहे. मांडलेले दावे मात्र नदीकाठी जाऊन पाहिले तर टिकत नाहीत.

आधी कोचीचा दाखला. तेथे एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली सेवा समुद्राशी जोडलेल्या खाड्यांतून चालते. भरती-ओहोटीने पाणी थोडेसेच वरखाली होते आणि काही बेटांवरच्या लोकांना बोटीचाच मोठा आधार असतो. कृष्णेचे तसे नाही. कोयना धरणातून सोडलेले पाणी कमी झाले की उन्हाळ्यात सांगलीतल्या आयर्विन पुलाखाली पात्र उघडे पडते, आणि त्याच पुलाजवळ, जेथे ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, तेथे ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. एवढा चढ-उतार सोसणारा तरंगता धक्का, त्याला जोडणारा लांबलचक उतार आणि पुरात हे सारे वाहून जाऊ नये म्हणून करावी लागणारी बांधबंदिस्ती यांचा विचार केला, तरी ऐन पावसाळ्यात सेवा बंद ठेवावी लागेल ती लागेलच. शिवाय सांगलीजवळच्या बंधाऱ्याचे काय करायचे? पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवतात. बर्गे घातले की बोटीला वाट नाही, काढले की बोटीपुरते पाणी नाही.

‘रस्ता लागत नाही’ हा दावा तर नकाशाच खोडून काढतो. मिरजेचा कृष्णा घाट गावाबाहेर आहे. मिरज जंक्शनवर गाडी पकडणारा प्रवासी किंवा तिथल्या दवाखान्यांत रुग्णाला नेणारे कुटुंब सांगलीतल्या घरून नदीपर्यंत एक रिक्षा करील, पुढे बोटीत बसेल आणि घाटावर उतरून पुन्हा दुसरी रिक्षा शोधेल. विश्रामबागेतल्याने तर आधी उलट दिशेने नदीकडे यायचे. याच महापालिकेतल्या कुपवाडला तर नदीच नाही.

खर्चाबद्दल फार लिहावे लागत नाही: कोचीचा प्रकल्प अकराशे कोटींहून अधिक रकमेचा आहे.

उरला कोंडीचा मुद्दा, आणि तोच खरा महत्त्वाचा. सांगली-मिरज रस्त्यावर आज एसटीच्या शहर बसगाड्या आणि वडाप (माणशी भाडे घेणारी खासगी वाहने) चालते. बस कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस हात करील तिथे थांबणाऱ्या वडापात बसतो, वडाप वाटेल तिथे थांबते आणि त्यामागे बस अडकते. म्हणजे ज्या सेवेने कोंडी फोडायची तीच कोंडीत रुतते. यावर उपाय नदीत नाही, वेळापत्रकात आहे. दोन्ही बसस्थानकांतले अंतर साधारण १० किलोमीटर धरले आणि थांब्यांसह ताशी २० किलोमीटर वेग मिळाला, तर जायला अर्धा तास, यायला अर्धा तास आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटे, अशी फेरी ७० मिनिटांची होते. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर ७ गाड्या पुरतात. बिघाडासाठी आठवी राखीव ठेवावी. पूर आला तरी यातली बरीचशी सेवा चालू राहील, बोटींची नाही.

बोटीला विरोध करण्यासाठी हे लिहिलेले नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळा परिसरात लाँच चालतात, तराफ्यावरून वाहनेही पलीकडे जातात. कारण तेथे जलाशयाला रस्त्याने घालायचा वळसा फार मोठा आहे. सांगली-मिरजेत रस्ता सरळ आहे आणि वळसा नदीलाच आहे. तेव्हा महापालिकेने व एसटीने बोटींच्या अभ्यासावर पैसा घालण्याआधी कुपवाडच्या एमआयडीसीतील पाळ्या सुटण्याच्या वेळा मागवाव्यात आणि मिरज स्थानकापासून तेथपर्यंतच्या छोट्या बसच्या फेऱ्या त्यांना जुळवून लावाव्यात.