‘लाटफळी’ की सर्फबोर्ड?

नमस्कार,

सर्फिंगवरच्या, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवरून घसरण्याच्या खेळावरच्या, माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप दोन. ‘सर्फ हा शब्द मूळचा आपलाच’ असं मी पुराव्याशिवाय ठोकून दिलं, हा पहिला. ‘लाटफळी’ असा सरळ शब्द करता येत असताना लेखभर ‘सर्फबोर्ड’ लिहिलं, हा दुसरा.

पहिला पूर्ण मान्य. ते वाक्य काढलं आहे. इंग्रजीत आधी ‘सफ’ असं रूप होतं, सतराव्या शतकात ‘सर्फ’ झालं, आणि सुरुवातीचे वापर हिंदुस्थानच्या किनाऱ्याबद्दलचे आहेत. त्यावरून तो इथल्या एखाद्या भाषेतून गेला असावा, असा नुसता कयास आहे. वापर इथला का, ते मात्र समजतं. मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं. जहाजं खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं मसुला होड्यांतून किनाऱ्याला लागायची. त्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. लाट आदळली की होडी फुटायची नाही, लवायची. सगळी भीती त्या शेवटच्या पट्ट्याची. त्याला वेगळं नाव पडणारच.

कारण सर्फ म्हणजे लाट नव्हे, किनाऱ्याशी फुटून फेसाळलेलं पाणी. गुहागरला उभं राहून बघा. लांबवर पाण्याला फुगवटा येतो ती लाट. पांढरा होऊन गुडघ्यांवर आदळतो आणि जाताना पायाखालची वाळू ओढून नेतो, तो सर्फ. त्यामुळे ‘लाटफळी’ हे इंग्रजी शब्दाचं भाषांतर होत नाही.

पण हा खेळ ज्या हवाई बेटांनी वाढवला, कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंगने १७७९ मध्ये जिथे तो बघून लिहून ठेवला, तिथल्या भाषेत या फळीला ‘पापा हेए नालू’ म्हणतात. पापा म्हणजे फळी, हेए म्हणजे घसरणं, नालू म्हणजे लाट. तुम्ही इंग्रजीला वळसा घालून थेट हवाईच्या नावाशी पोचलात!

आणि ‘फळी’ हा शब्द जिवंत आहे. आमच्या इथल्या पोहण्याच्या तलावावर फोमचा तुकडा छातीशी धरून पाय मारणाऱ्या पोरांना सर ओरडतात, “फळी सोडू नको रे!” म्हणून मला ‘तरंगफलक’ नको, तुमची ‘लाटफळी’ हवी. पुढच्या लेखात तीच वापरतो.

फक्त त्यातून ‘घसरणं’ निसटतं, ते मला खटकतंय. काही सुचलं तर जरूर कळवा.